ओपन सोर्समध्ये बदलाला विरोध होतो, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: एका ओपन सोर्स लायब्ररीत (इतर प्रोग्रॅमना वापरता येईल अशा, सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडात) तुम्ही काही काळ काम करताय. तिची प्लगइनसाठीची, म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेल्या जोडभागांसाठीची, जुनी एपीआय (त्यांनी लायब्ररीशी कसं बोलायचं याची ठरलेली पद्धत) गुंतागुंतीची झालीये, ती काढून नवी आणावी असा प्रस्ताव तुम्ही चालत्या कोडसकट मांडलात. नव्या मंडळींना तो पटला, पण जुन्या मेंटेनरांनी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" म्हणत तो बाजूला सारला. लोक बदलाला एवढा विरोध का करतात, आणि सरळ फोर्क काढावा का (कोडाची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प सुरू करावा का), असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. असा विरोध बहुतेक वेळा बदलाच्या भुर्दंडाला असतो. नोकरीत वरिष्ठांनी बदल ठरवला की त्याला लागणारे तास पगारातून जातात. करणाऱ्याला पटो न पटो, काम होतं. ओपन सोर्समध्ये सुचवणारा एक असतो आणि निस्तरणारे भलतेच असतात. त्यांना कोणी हुकूम सोडू शकत नाही, आणि त्या कामाचे पैसेही बहुतेकांना मिळत नाहीत. मग त्यांच्या हातात एवढंच उरतं: नाही म्हणणं, किंवा उत्तरच न देणं. "कशाला हात लावायचा" म्हणणारा तुमचा मेंटेनर त्या क्षणी बहुधा मनातल्या मनात मोडणाऱ्या प्लगइनांची यादी चाळत होता.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं. ते जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात बदलही योग्य होता आणि विरोधही खरा होता, आणि दोघांचा मेळ बसायला अकरा वर्षं लागली.

पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ रोजी. प्रिंट हे विधान होतं ते फंक्शन झालं, पूर्णांकांच्या भागाकाराचं उत्तर अपूर्णांकात येऊ लागलं, असे बरेच बदल होते. पण मुळाला हात घालणारा बदल मजकुराचा होता. पायथन २मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत ठेवलेल्या फाइलीत 'मराठी' हा शब्द साध्या अवतरणात लिहून त्याची लांबी विचारली की उत्तर यायचं १५, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिले चार घटक कापून द्या म्हटलं तर 'म' सबंध हाती यायचा आणि 'र'चा फक्त एक तुकडा. पायथन ३मध्ये तीच लांबी ५ येते: म, र, काना, ठ, वेलांटी. वाचणाऱ्याच्या हिशेबाने अक्षरं तीनच, त्यामुळे हेही शेवटचं उत्तर नव्हे, पण निदान चिन्ह मधोमध तुटत नाही. याहून त्रासाची गोष्ट म्हणजे पायथन २ बाइट आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांची चिन्हं सामावणारा मजकूर) यांची आपोआप सरमिसळ करायचं, आणि तसं करताना आस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांपुरता जुना संच, गृहीत धरायचं. इंग्रजी नावांवर सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि डेटाबेसात पहिलं मराठी नाव शिरलं की प्रोग्रॅम आडवा. त्या काळात ज्यांनी मराठी मजकुरावर काम केलंय त्यांना तो आस्की कोडेकचा एरर आजही पाठ असेल.

म्हणजे हा बदल आपल्यासारख्यांना हवाच होता, आणि मी त्याचा पहिल्यापासून पुरस्कर्ता आहे. पण फायदा कोणाला आणि खर्च कोणाला ते पाहा. ज्याचं सगळं काम इंग्रजीत, किंवा जो नेटवर्क प्रोटोकॉल लिहितो आणि ज्याच्यापुढे येणारा सगळा माल बाइटच असतो, त्याला जुनी पद्धत सोयीची होती. त्याचा चालता कोड मोडणार होता आणि बदल्यात त्याच्या पदरात जवळपास काहीच पडणार नव्हतं. अशा माणसाने "मी का करू?" विचारलं तर त्याला बुरसटलेला म्हणणं अन्यायाचं आहे.

त्यात आणखी एक पेच होता. पायथन ३वर चालणाऱ्या प्रोग्रॅमला पायथन २ची लायब्ररी वापरता येत नव्हती. तुमचं ॲप ३वर न्यायचं तर ते ज्या लायब्रऱ्यांवर उभं आहे त्या सगळ्या आधी गेलेल्या हव्यात. आणि लायब्ररीवाला म्हणणार, माझे वापरणारे सगळे २वर आहेत, मी कोणासाठी जाऊ? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि घोडं अडलेलं ते अडलेलंच. वेबसाइट बांधायच्या जँगोसारख्या मोठ्या प्रकल्पात पायथन ३ला आधार आला तो २०१३ साली, आवृत्ती १.५मध्ये, आणि तोही प्रायोगिक म्हणून.

सुरुवातीचा सल्ला असा होता की 'टू-टू-थ्री' नावाच्या साधनातून कोड एकदा काढा, झालं. ज्याच्याकडे एकच ॲप आहे त्याला ते चाललं असतं. लायब्ररी सांभाळणाऱ्याला एका उडीत पलीकडे जाता येत नाही. त्याला वर्षानुवर्षं दोन्ही तीरांवरच्या लोकांना धरून राहायचं असतं. त्याला हवा होता दोन्हीकडे चालणारा एकच कोड. ही वाट शेवटी लायब्रऱ्या सांभाळणाऱ्या मंडळींनीच पायाखाली घालून पाडली. 'सिक्स' नावाची छोटीशी लायब्ररी आली (दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स), आणि तिच्या आधाराने लोक दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड लिहू लागले.

तिथेही एक ठेच लागत होतीच. पायथन २मध्ये युनिकोड स्ट्रिंग लिहायची तर अवतरणचिन्हाआधी 'यू' हे अक्षर लावावं लागे. पायथन ३मध्ये सगळाच मजकूर युनिकोड, म्हणून ते 'यू' अनावश्यक ठरवून काढून टाकलं होतं. तर्काने बिनचूक. परिणाम असा की ज्यांनी पायथन २मध्ये शिस्तीने युनिकोड पाळलं होतं, त्यांच्याच कोडात सगळ्यात जास्त ठिकाणी मोडतोड झाली. आर्मिन रोनाकर हा त्या वेळचा पायथन ३चा परखड टीकाकार. 'यू' परत आणा, त्याला काही अर्थ नसला तरी चालेल, असं सांगणारा पेप ४१४ हा प्रस्ताव (पायथनमधल्या बदलाच्या औपचारिक प्रस्तावाला पेप म्हणतात) त्यानेच एका सहलेखकासोबत लिहिला. तो मान्य झाला आणि २०१२च्या पायथन ३.३मध्ये 'यू' परत आलं. पुढे २०१५ साली ३.५मध्ये बाइटसाठी टक्केचिन्हाचं फॉरमॅटिंग (साच्यात किमती भरायची सोय) परत आलं. कोडाच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या मर्क्युरियलसारख्या, बाइटवरच ज्यांचा सगळा कारभार चालतो अशा प्रकल्पांची ती जुनी मागणी होती.

या सगळ्या इतिहासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग हाच. टीकाकाराची तक्रार प्रस्तावाच्या नेहमीच्या वाटेने आत घेतली गेली. दिशा बदलली नाही, सोसावा लागणारा खर्च मात्र कमी झाला. नेमकं कुठे दुखतंय हे विरोध करणाऱ्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचं तर त्याला आधी बसायला जागा द्यावी लागते.

मुदतीचंही असंच झालं. पायथन २च्या शेवटच्या मालिकेचा, म्हणजे २.७चा, आधार २०१५ साली संपायचा होता; २०१४मध्ये तो २०२०पर्यंत वाढवला. या वाढीमुळे लोक सुस्तावले असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ही कंपन्यांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम बाहेर पडली ती २.७ घेऊन, दहा वर्षं सांभाळण्याच्या वायद्यावर. मुख्य प्रकल्पाने हात वर केले असते तरी २.७ चालूच राहिलं असतं, फक्त दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी. दुसऱ्या बाजूला, २.८ ही आवृत्ती कधीही येणार नाही हे पेप ४०४मध्ये आधीच लिहून ठेवलं होतं. वेळेबाबत सैल आणि दिशेबाबत ठाम, हे मिश्रण मला योग्य वाटतं. त्या ठामपणामुळेच पुढे आयपायथन, नमपाय, जँगो अशा प्रकल्पांना आपापल्या तारखा जाहीर करता आल्या. आयपायथनने २०१७मध्ये आवृत्ती ६ फक्त पायथन ३साठी काढली आणि आवृत्ती ५ जुन्या लोकांसाठी सांभाळली; जँगो २.०नेही त्याच वर्षाअखेर पायथन २ सोडलं. १ जानेवारी २०२०ला २.७चा आधार संपला, शेवटची आवृत्ती २.७.१८ एप्रिलमध्ये निघाली. तोवर बहुतेक लोक पलीकडे पोचलेले होते.

जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदू शकतं का, हा प्रश्न मला यातून सर्वात महत्त्वाचा वाटतो. रस्ट भाषेने तो पहिल्यापासून डोळ्यांसमोर ठेवला. तिथे २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा एडिशन आहेत, पण २०१५च्या एडिशनमधली लायब्ररी २०२४च्या प्रोग्रॅममध्ये बिनदिक्कत चालते. प्रत्येक जण आपल्या सवडीने पुढे सरकतो, कोणी कोणासाठी खोळंबत नाही. त्यामुळे एडिशन बदलाला पायथनसारखा विरोध कधी झालाच नाही. रस्टची माणसं पायथनवाल्यांपेक्षा जास्त मोकळ्या मनाची आहेत असं कारण मला तरी दिसत नाही. तिथे भुर्दंडच कमी बसतो.

आता ज्यांचा आवाज चर्चेत ऐकूच येत नाही त्यांच्याबद्दल, कारण तुमच्या प्रकल्पातही असे लोक असणार. भाषांतरकार घ्या. एखाद्या डेव्हलपरने इंग्रजी संदेशातलं 'कॅनॉट ओपन फाइल' बदलून 'कुड नॉट ओपन फाइल' केलं. त्याला वाटतं, शैली एकसारखी झाली. गेटटेक्स्ट या भाषांतरं सांभाळणाऱ्या यंत्रणेत मात्र मूळ वाक्य बदललं की मराठीतली तयार ओळ 'फझी' (पुन्हा तपासायची) ठरते, आणि फझी ओळी बांधणीत घेतल्या जात नाहीत. मराठी वापरणाऱ्याला कालपर्यंत "फाइल उघडता आली नाही" दिसत होतं, तिथे अचानक इंग्रजी दिसू लागतं. कोणीतरी ती ओळ उघडून, वाचून, फझीची खूण काढेपर्यंत तसंच राहतं. अशा दोनशे ओळी एका झटक्यात बदलल्या तर दोन-तीन माणसांच्या मराठी चमूचे कितीतरी रविवार त्यात जातात, आणि इंग्रजीचा अर्थ तर तसूभरही बदललेला नसतो. मी भाषांतरही केलंय आणि कोडही लिहिलाय. कोड लिहिणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही, कारण त्याच्या स्क्रीनवर तो कधी उमटत नाही. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पात म्हणूनच 'स्ट्रिंग फ्रीझ' असतो: आवृत्तीआधीच्या ठरलेल्या तारखेनंतर संदेश बदलायचा तर भाषांतराच्या समन्वयकांची परवानगी लागते. बदलाला मनाई नाही, पण भार वाहणाऱ्याला विचारल्याशिवाय तो होत नाही. अशा नियमांबद्दल मला मनापासून आदर आहे.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथे २०१३-१४मध्ये वाद होता तो यंत्र सुरू होताना सेवा कोण उभ्या करणार याचा: जुनी सिसव्ही पद्धत ठेवायची, अपस्टार्ट घ्यायचं की सिस्टमडी. विरोधकांकडे ठोस मुद्दे होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची शेल स्क्रिप्टं जुन्या पद्धतीवर बेतलेली होती. लॉग साध्या मजकुराऐवजी बायनरीत जाणार होते. शिवाय सिस्टमडी लिनक्स कर्नेलवरच (कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतं, आणि डेबियनची फ्रीबीएसडी कर्नेलवरची आवृत्तीही तेव्हा होती. तिच्यावर राबणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवलंय ते स्पष्ट दिसत होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरलं. नोव्हेंबरमध्ये या विषयावर सर्व सदस्यांचं मतदान झालं, त्यात "वेगळ्या ठरावाची गरज नाही" हा पर्याय जिंकला. त्याच महिन्यात काही ज्येष्ठ मंडळी समितीतून पायउतार झाली, आणि सिस्टमडी नको असणाऱ्यांनी देवुआन हा फोर्क जाहीर केला.

निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता असं मला वाटतं. पण चार-चारवरून ठरलेली गोष्ट टिकली ती डेबियनची घटना, म्हणजे कारभाराची नियमावली, आधीपासून लिहिलेली होती म्हणून. कोण ठरवणार, बरोबरी झाली तर काय, निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची, हे भांडण सुरू होण्याआधीच कागदावर होतं. हरलेल्याला निदान इतकं कळत होतं की आपण कोणत्या नियमाने हरलो. ज्या प्रकल्पात असे नियम नसतात तिथे प्रत्येक तांत्रिक वाद फिरून एकाच प्रश्नावर येतो: तू कोण ठरवणारा? मग एपीआय राहते बाजूला. लोक जे एकमेकांच्या अंगावर गेले, धमक्या आणि शिवीगाळ झाली, ते नुकसान मात्र कोणत्याही घटनेने भरून निघत नाही. त्यात चांगली माणसं कायमची तुटतात.

भुर्दंडाचं माझं म्हणणं सगळीकडे लागू पडत नाही, तेही सांगायला हवं. पायथनमध्येच २०१८ साली पेप ५७२वरून, म्हणजे वाक्याच्या आतच व्हेरिएबलला किंमत देणाऱ्या नव्या चिन्हावरून, प्रचंड रण माजलं. त्या चिन्हाने कोणाचा जुना कोड मोडणार नव्हता. ज्याला नको त्याने ते वापरू नये, इतकं सोपं. तरीही वाद इतका चिघळला की प्रस्ताव मान्य केल्यावर पायथनचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी जुलैमध्ये अंतिम निर्णय देणाऱ्याची जागाच सोडली. पुढे २०१९च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कारभार पाहू लागलं. इथे खर्चाचा प्रश्न नव्हता, ही भाषा आता कोणाच्या आवडीने घडणार हा होता. वाक्यरचना सगळ्यांना समजते, म्हणून सगळेच मत देतात. मेमरी कशी सांभाळावी यावर बोलायला पाच-सहा जणच उरतात. अशा वादात मी नवीन मुद्दा येणं थांबलं की चर्चाही थांबवतो आणि ठरवणाऱ्याला ठरवू देतो. आणखी शंभर उत्तरांनी कोणी पटत नाही. ठरवणारा मात्र थकतो, आणि ओपन सोर्समध्ये थकलेला मेंटेनर सहसा परत येत नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या प्रस्तावात नव्या एपीआयचे फायदे सविस्तर असतील, पण "यामुळे काय मोडेल" याला किती जागा दिलीत? पेपच्या साच्यात जुन्या कोडाशी सुसंगततेचा वेगळा भाग असतो, नाकारलेल्या पर्यायांचाही असतो. रस्टच्या आरएफसीत, म्हणजे तिथल्या बदलाच्या प्रस्तावात, तर हा बदल का करू नये, याला स्वतंत्र मथळा आहे. तो भाग तुम्ही स्वतः, विरोधकापेक्षा नीट लिहा. तो वाचून मेंटेनर म्हणाला पाहिजे की हो, माझी अडचण हीच आहे.

त्याआधी जुन्या कोडाचा इतिहास वाचा. गिटमध्ये (कोडाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) त्या विचित्र ओळीमागचा कमिट, म्हणजे तो बदल नोंदवलेली नोंद, उघडली की बऱ्याचदा एखाद्या विसरलेल्या बगचा क्रमांक सापडतो, आणि ती ओळ अचानक शहाणी वाटू लागते. नाही सापडलं तर मेंटेनरला खाजगीत विचारा. चारचौघांत विचारलेला "हे असं का केलंय?" हा प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो, एकट्याला विचारलं तर बहुतेक जण भरभरून सांगतात.

मग सर्वात जास्त वापरली जाणारी दोन-तीन प्लगइन निवडा आणि ती नव्या एपीआयवर तुम्ही स्वतः नेऊन दाखवा, त्यांच्या लेखकांना पॅच (तयार दुरुस्ती) पाठवा. याला पर्याय नाही. किती त्रास होतो हे तुम्हालाच कळेल, आणि तुमच्या एपीआयमधल्या दोन-चार उणिवाही तिथेच उघड्या पडतील. मेंटेनरच्या लेखी "सोपं आहे, लोक करतील" म्हणणारा आणि "ही तीन मी केली, हा त्यांचा डिफ (काय बदललं त्याची यादी)" म्हणणारा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिला उंटावरून शेळ्या हाकतोय, दुसऱ्याने बाह्या सरसावल्यात.

जुनी एपीआय लगेच काढू नका. ती नव्या एपीआयवर बसवलेला पातळ थर म्हणून राहू द्या, वापरली की इशारा दिसू द्या, आणि कोणत्या आवृत्तीत ती जाईल ते त्या इशाऱ्यातच लिहा. तो थर दोन-तीन वर्षं सांभाळायची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्या, मेंटेनरांच्या यादीत तसं लिहून. तुमच्या मेंटेनरांना खरी भीती बहुधा याचीच आहे की तुम्ही कोड टाकून निघून जाल आणि बग त्यांच्या दारात येतील. ती भीती युक्तिवादाने जात नाही. सहा महिने तुम्ही दुसऱ्यांचे कंटाळवाणे बग सोडवताना दिसलात की जाते.

एवढं करूनही कोणी हटून बसला तर? असंही होतं. काहींना आपलं स्थान जपायचं असतं, काहींना नवी माणसंच नको असतात. ते ओळखायची माझी खूण सोपी आहे: तुम्ही एक अडचण दूर केली की पुढच्या वेळी नवीनच अडचण येते, आणि "काय केलं तर चालेल?" याचं उत्तर कधीच मिळत नाही. अशा वेळी फोर्कचा विचार करण्यात गैर काही नाही. परवान्याने तो हक्क त्यासाठीच दिलाय. जीसीसी या कंपायलरचा (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणाऱ्या साधनाचा) विकास संथ आणि बंदिस्त वाटू लागला तेव्हा १९९७ साली ईजीसीएस हा फोर्क निघाला, आणि १९९९मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधून २०१४च्या अखेरीस आयओ डॉट जेएस फुटलं आणि २०१५च्या सप्टेंबरमध्ये नोड ४.०मध्ये परत एकत्र आलं, कारभाराची घडी बदलूनच. दोन्ही ठिकाणी फुटणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष कोड लिहिणारे बरेच जण होते, आणि परतीचं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं.

तुमच्याबरोबर आज कोण येईल याची यादी करा. त्यात नवी एपीआय आवडलेले किती आहेत हे सोडून द्या. प्लगइनांचे लेखक किती, आणि सुरक्षेचा बग आला तर रात्री तो सोडवायला बसतील असे किती, तेवढं मोजा. ती नावं एका हाताच्या बोटांवर मावत असतील तर फोर्क आत्ता नको. नवी एपीआय वेगळं पॅकेज म्हणून प्रसिद्ध करा, मुख्य लायब्ररीवर बसणारं. ज्यांना हवं ते वापरतील, प्लगइन लेखक आपल्या गतीने येतील, आणि वर्षभराने तुम्ही मेंटेनरांसमोर पुन्हा जाल तेव्हा भुर्दंडाचा बराचसा हिस्सा आधीच फिटलेला असेल.